सोबत जोडली आहेत: एकशे सव्वीस भोकं

चौतीस वर्षं मी एका मोठ्या कचेरीच्या जावक विभागात काढली. कचेरीतून बाहेर जाणारा कागदाचा कपटासुद्धा माझ्या टेबलावरून, माझा शिक्का खाऊन आणि माझ्या वहीत नोंद होऊनच दाराबाहेर पडायचा. या काळात मी एकूण किती लिफाफे रवाना केले तो आकडा मला तोंडपाठ आहे, पण तो सांगितला तर बढाई वाटेल. त्यातला एकही लिफाफा परत येऊन ‘उघडत नाही’ म्हणाला नाही, एवढंच नमूद करतो. लिफाफा उघडायला बोट लागतं आणि बोट सगळ्यांकडे असतं.

त्यामुळे बायकोचं पुस्तक प्रकाशकांकडे ईमेलनं पाठवायचं ठरलं, तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून म्हणालो, “त्यात काय? पाठवणं हा माझा विषय आहे.” हे वाक्य मी एकांतात म्हणालो असतो तर गोष्ट वेगळी होती. पण त्या वेळी घरात वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर होते, समोरच्या काकू होत्या आणि माझा मेहुणाही होता. तिघांनी ते नीट ऐकून ठेवलं.

पुस्तक रफूवर होतं. बायको गेली तीस वर्षं मागच्या खोलीत खिडकीशी बसून लोकांचे फाटलेले कपडे रफू करते. लाँड्रीवाले पाठवतात, शिंपी पाठवतात. एकदा एका प्रकाशकबाईंची शाल आली. रफू करून परत गेली आणि दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच दारात उभ्या. भोक कुठे होतं तेच त्यांना सापडत नव्हतं आणि त्यांना ते बघायचं होतं. त्यातून पुस्तक निघालं.

प्रकरणं बेचाळीस. एका प्रकरणात एक भोक. खिळ्याला अडकून झालेलं, इस्त्रीनं जळालेलं, कसरीनं खाल्लेलं, कोपरावर झिजून झिजून झालेलं. माणूस आयुष्यात इतक्या प्रकारांनी फाटू शकतो याची मला कल्पना नव्हती. प्रत्येक भोकाची बायकोनं हातानं काढलेली तीन चित्रं: एकात भोक, दुसऱ्यात अर्धं बुजलेलं भोक आणि तिसऱ्यात जिथे भोक होतं ती जागा. तिसऱ्या चित्रात नुसतं कापड दिसतं. ते तसं दिसावं म्हणूनच तर सगळा खटाटोप. अशी बेचाळीस त्रिक एकशे सव्वीस चित्रं तिनं काढली आणि मी ती एकेक करून संगणकात घेतली.

प्रकाशकबाईंचं म्हणणं साधं होतं. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत सगळा मजकूर आणि सगळी चित्रं त्यांच्या जुळणीकारांच्या संगणकात पाहिजेत. जुळणीकार म्हणजे पुस्तकाची पानं लावणारे गृहस्थ. शनिवारी ते कामाला बसणार. पाचपर्यंत पोचलं नाही, तर ते दुसरं पुस्तक हातात घेणार आणि आमचं पुढच्या वर्षी बघणार.

पुढचं वर्ष हे शब्द आमच्या घरात नको होते. बायकोच्या उजव्या डोळ्याबद्दल डॉक्टर काहीच नक्की सांगत नव्हते आणि डावा त्याच्याच मागून चालला होता. ती एवढंच म्हणाली होती, “मला ते बघायचंय हो. कुणी वाचून दाखवायला नकोय.” नंतर तिनं तो विषय काढला नाही, पण मी तो डोक्यातून काढू शकलो नाही.

तर सोमवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी संगणकासमोर बसलो.

आमचा संगणक मुलीचा. तिनं नवा घेतला आणि जुना आम्हाला दिला. दिसायला देखणा, अंगानं सडपातळ आणि स्वभावानं जरा शिष्ट. तो ज्यांच्याकडे असतो ती माणसं दुसऱ्या प्रकारच्या संगणकवाल्यांकडे थोडं दयेनं बघतात. मीही महिनाभर तसं बघून घेतलं होतं. जुळणीकारांचा संगणक त्या दुसऱ्या प्रकारचा होता, बहुतेक कचेऱ्यांत असतो तसला. दोघांची आतली व्यवस्थाच निराळी असते असं मेहुणा एकदा म्हणाला होता, पण मेहुण्याचं बोलणं मनावर घ्यायचं नाही हा माझा लग्नापासूनचा नियम आहे.

मी रीतसर नवी वही काढली. जावक क्रमांक, दिनांक, विषय, वजन असे रकाने आखले. वजन कशाला, असं बायकोनं विचारलं. मी सांगितलं की तोलल्याशिवाय लिफाफा पाठवायचा नसतो. वाटेत कुणी काही काढून घेतलं तर कळणार कसं? संगणकातल्या कागदालाही वजन असतं, केबी म्हणतात त्याला. मी एकेका फाइलचं वजन वहीत उतरवलं आणि प्रत्येक फाइलला कचेरीच्या शिस्तीत नाव दिलं. ‘जा.क्र./१७/२*तातडीचे*कोपर’. सतरावं भोक, दुसरं चित्र. दोन्ही बाजूंना चांदण्या, कारण आमच्याकडे तातडीच्या कागदावर चांदणीच मारत असत. आमच्या संगणकानं ही नावं निमूटपणे घेतली. त्यानं तेव्हाच एखादा शब्द बोलायला हवा होता.

बेचाळीस प्रकरणं जोडली. ‘सोबत: वरीलप्रमाणे’ लिहिलं, ‘आपला विश्वासू’ लिहिलं आणि बटण दाबलं. संगणकातून फुर्र असा आवाज आला. चौतीस वर्षांत माझा एकही लिफाफा असा आनंदानं गेला नव्हता.

अर्ध्या तासानं जुळणीकारांचं उत्तर आलं. नमस्कार नाही, क्रमांक नाही, संदर्भ नाही. फक्त दोन शब्द.

‘उघडत नाही.’

मी फोन लावला. “नमस्कार. आपलं आजच्या तारखेचं पत्र मिळालं. उघडत नाही म्हणजे नेमकं काय होतं?”

“उघडत नाही.” आवाज दगडी होता.

“जरा जोर लावून बघितलंत का?”

“साहेब, दार आहे का ते?” म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

एवढ्यात वरचे इंजिनिअर उतरले. हे निवृत्त गृहस्थ आयुष्यभर पाण्याचे पाइप टाकत आले आणि जगातली प्रत्येक अडचण त्यांना पाइपातच दिसते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “जावकसाहेब, सोपं आहे. तुमचा पाइप एका मापाचा, त्यांचा दुसऱ्या मापाचा. जोड बसत नाहीये.”

“मग काय करायचं?”

“परत पाठवा. पहिल्या खेपेला नळी नुसती ओली होते.”

मी परत पाठवलं. परत तेच दोन शब्द आले. नळी ओली झाल्याचं लक्षण दिसेना.

समोरच्या काकू दारातूनच म्हणाल्या, “माझ्या भाच्याचंही अगदी असंच झालं होतं. त्यानं सरळ संगणक बंद केला आणि पुन्हा चालू केला.”

“मग?” मी आशेनं विचारलं.

“मग काय, आता छान परदेशात असतो.”

मी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. मी होतो तिथेच होतो.

संध्याकाळी मेहुणा आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण माझी फजिती त्याला वासानं कळते. त्यानं माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि च्‌ च्‌ केलं. “भावोजी, तुमचा संगणक चांगला आहे हो, पण तो माणसात नाही. त्याचं लिहिणं त्यालाच वाचता येतं. दोघांनाही वाचता येईल अशा रूपात करून पाठवायचं असतं. पीडीएफ करा.”

“मी तेच करणार होतो,” मी म्हणालो.

“ते मला दिसलंच,” तो म्हणाला आणि बहिणीकडे बघून हसला. बायको मात्र हसली नाही. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मला ती हसली असती तरी चाललं असतं.

मंगळवारी मी बेचाळीसच्या बेचाळीस प्रकरणांचं पीडीएफ केलं. इथे एक बारीकशी गोष्ट घडली आणि ती मी लपवणार नाही. प्रत्येक नावाच्या शेवटी संगणकानं मला न विचारता एक टिंब आणि तीन इंग्रजी अक्षरं चिकटवली होती. आता जावक क्रमांकाच्या पुढे काहीही लिहायचं नसतं. पुढे जागा सुटली की कुणीतरी काहीतरी घुसडतं आणि चौकशी आपल्यावर येते, हे आमच्या मोठ्या साहेबांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी सगळ्यांच्या शेपट्या कापल्या. प्रत्येक वेळी संगणकानं विचारलं, ‘नक्की?’ आणि प्रत्येक वेळी मी ठामपणे म्हणालो, नक्की. बेचाळीस वेळा विचारूनही न थकणारा असा हाताखालचा माणूस मला नोकरीत मिळाला नाही. चित्रांनाही शेपट्या होत्या, त्याही उडवल्या आणि सगळं एका दमात रवाना केलं.

या वेळी दोन शब्दही आले नाहीत. प्रकाशकांच्या संगणकाचं स्वतःचं एक छापील पत्र आलं. चांदण्या लावलेले, शेपूट नसलेले, कुठल्या जातीचे ते ओळखू न येणारे इतके कागद एकाच माणसाकडून आल्यामुळे माझा पत्ता संशयास्पद ठरवण्यात आला होता. माझं टपाल अडवलं होतं. पुन्हा परवानगी हवी असेल तर सोबतचा अर्ज भरून पाठवावा.

संशयास्पद! मी! ज्या माणसाच्या टेबलावरून गोपनीय लिफाफे डोळे मिटून जात, तो माणूस! मी ते पत्र बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मग भरा ना अर्ज.”

मी अर्जावर बोट टेकवलं. संगणक थोडा वेळ घुटमळला आणि त्यानं पाटी दाखवली. अर्ज त्या दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर केलेला होता आणि तो आमच्या संगणकाला समजत नव्हता. अर्ज मागवायचा असल्यास अर्ज करावा असं कुठे लिहिलं आहे का, तेही बघितलं. नव्हतं.

बुधवारी सकाळी मी जुळणीकारांना फोन लावला आणि माझ्याच तोंडून ते शब्द बाहेर पडताना मी ऐकले. “तुमचा अर्ज... उघडत नाही.”

पलीकडे त्या दगडी आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं. “बघा,” ते म्हणाले. एवढंच. पण त्या एका शब्दात सोमवारपासूनचं सगळं होतं.

तिथून आमचं जरा जमलं म्हणायचं. त्यांनी अर्जातले प्रश्न फोनवर वाचले आणि माझी उत्तरं स्वतः भरली. तिसऱ्या प्रश्नापर्यंत सुरळीत चाललं. चौथा प्रश्न होता, आपण यंत्र आहात का?

“लिहा, सेवानिवृत्त,” मी म्हणालो.

“हो किंवा नाही एवढंच आहे, साहेब.”

“मग नाही लिहा.”

त्यांनी मला शेपट्यांचंही सांगितलं. ती तीन अक्षरं म्हणजे कागदाची जात. त्यांचा संगणक शेपटी बघूनच ठरवतो की हा मजकूर, हे चित्र. शेपटीच नसली तर तो बिचारा हातात घेऊन नुसता बसतो. हे ऐकून मला त्या संगणकाबद्दल पहिल्यांदाच थोडी आपुलकी वाटली. क्रमांक नसलेला कागद हातात आला की मीही तसाच बसायचो.

परवानगी गुरुवारी दुपारी आली. मी शेपट्या परत लावायला बसलो. बायको शेजारी खुर्ची घेऊन बसली आणि एकेक नाव मोठ्यानं वाचून मला तपासू लागली. वाचताना ती मान तिरकी करून डाव्या डोळ्यानं बघत होती. मी मध्येच म्हणालो, “तू पड जरा. मी करतो.” ती म्हणाली, “भोकं माझी आहेत,” आणि पुढचं नाव वाचलं.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी बटण दाबलं. एकाच पत्रात सगळं मावेना, म्हणून अकरा पत्रं केली. दुपारी दीड वाजता फोन वाजला.

“उघडलं,” जुळणीकार म्हणाले.

मी उठून उभा राहिलो. मेहुणा, काकू, इंजिनिअर सगळेच तेव्हा हजर होते. कामाच्या दिवशी दुपारी दीडला ही माणसं आमच्याकडे का असतात हा प्रश्न मला तेव्हा सुचलाच नाही. मी एक हात वर करून सगळ्यांना म्हणालो, “उघडलं!” काकूंनी बायकोला मिठी मारली.

“बेचाळीस प्रकरणं छान उघडली,” आवाज पुढे म्हणाला. “चित्रंही उघडली. पण नावं नाहीत.”

“नावं कशी नाहीत? मी स्वतः लिहिली आहेत!”

“तुम्ही त्यात चांदण्या आणि तिरक्या रेघा घातल्यात ना? आमच्याकडे नावात त्या चालत नाहीत. आमच्या संगणकानं तुमची सगळी नावं फेकून दिली आणि स्वतःची दिली. अनामिक एक, अनामिक दोन, असं एकशे सव्वीसपर्यंत.”

“मग चित्रं बघून ओळखा की!”

“साहेब,” ते अगदी मनापासून म्हणाले, “मला सगळी भोकं सारखीच दिसतात. आणि बेचाळीस चित्रांत तर नुसतं कापडच आहे.”

चित्राखाली मी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. नाव फाइलला दिलंय, मग चित्रावर पुन्हा कशाला, दुबार नोंद नको, असा माझा विचार होता. चौतीस वर्षांची शिस्त तिथे जाऊन बुडाली होती. पुन्हा पाठवायची म्हटली तर एका पत्त्यावरून दिवसाला जेवढं टपाल घ्यायचं तेवढं त्यांनी सकाळीच घेतलं होतं. आता उद्या. आणि उद्या जुळणीकार दुसरं पुस्तक उघडून बसणार होते.

मेहुणासुद्धा गप्प होता, त्यावरून काय ते समजा. बायको मागच्या खोलीत गेली आणि खिडकीशी बसली. हातात काम नव्हतं तरी तिनं सुई काढली, दोरा समोर धरला आणि ओवायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा, तीनदा. दोरा बाजूनं जात होता. मला एवढी स्वतःची लाज कधी वाटली नव्हती. साहेब रागावले तेव्हाही नाही, बढती हुकली तेव्हाही नाही. पाठवणं हा माझा विषय होता आणि मी तिचं पुस्तक वाटेत हरवलं होतं.

मी वही उघडली. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून उघडली. वजनाच्या रकान्यावर नजर गेली आणि मी फोन पुन्हा उचलला.

“वजन सांगा,” मी म्हणालो.

“कशाचं?”

“चित्रांचं. प्रत्येकाचं वजन माझ्याकडे लिहिलेलं आहे. तुमच्याकडच्या पहिल्या अनामिकाचं सांगा.”

“पाचशे केबी.”

मी वहीभर बोट फिरवलं. पाचशे कुठेच नव्हतं.

“पुढचं?”

“सहाशे पंचवीस.”

तेही नव्हतं. अडीचशे म्हणाले, तेही नव्हतं. मुक्कामाला माल पोचावा आणि एकाही डागाचं वजन जुळू नये, हे पाठवणाऱ्याच्या वाईट स्वप्नात येतं.

“गळती,” इंजिनिअर मागून गंभीरपणे म्हणाले. “वाटेत कुठेतरी गळती आहे.”

मी त्यांच्यावर ओरडणारच होतो, पण तोंड उघडं ठेवून थांबलो. “तुमच्याकडचं सगळ्यात जड चित्र कुठलं?” मी फोनमध्ये विचारलं.

“एक हजार.”

माझ्याकडचं सगळ्यात जड होतं एक हजार चोवीस. “आणि सगळ्यात हलकं?”

“सव्वाशे.”

माझ्याकडे एकशे अठ्ठावीस. मी पेन्सिल घेतली. एकशे अठ्ठावीसला तीन कमी. एक हजार चोवीस म्हणजे त्याच्या आठपट, आणि तिथे चोवीस कमी. म्हणजे तिनाचीही आठपट. वहीत पाचशे बारा होतं, त्यातून बारा गेले की त्यांचे पाचशे. सहाशे चाळीसातून पंधरा गेले की सहाशे पंचवीस. मी ताडकन टेबलावर हात मारला. जावक विभागात मी चोऱ्या पाहिल्या आहेत. चोर कधी मूठभर काढतो, कधी ओंजळभर. दर एकशे अठ्ठावीसला मोजून तीनच काढणारा चोर अजून जन्माला आलेला नाही.

“गळती नाही!” मी इंजिनिअरांना म्हणालो. “माल सगळा पोचलाय. तराजू वेगळे आहेत! यांचा केबी आपल्या केबीपेक्षा मोठा आहे!”

“मापाचंच म्हणत होतो मी सोमवारी,” इंजिनिअर म्हणाले. मी त्यांना ते घेऊ दिलं. त्या क्षणी मी कुणालाही काहीही घेऊ दिलं असतं.

“जुळणीकार, ऐका,” मी म्हणालो. “तुमच्या संगणकाला सांगा, सगळी चित्रं वजनाप्रमाणे उतरत्या रांगेत उभी कर. मीही इथे तेच करतो. तराजू कुठलेही असोत, रांग तीच लागणार. मी नाव सांगतो, तुम्ही लिहा. चांदण्या नाहीत, रेघा नाहीत.”

पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज. “सांगा, साहेब.”

दोन वाजून वीस मिनिटांनी आम्ही सुरुवात केली. मी वाचत होतो, ते लिहीत होते. “कोपर, दोन.” “लिहिलं.” “इस्त्री, एक.” “लिहिलं.” काकूंनी चहा आणून माझ्या हाताशी ठेवला. मेहुणा माझ्यामागे उभा राहून लिहून झालेल्या ओळींवर खुणा करत होता. त्याच्याकडून असं मुकाट काम झालेलं मी लग्नानंतर प्रथमच बघितलं. पाऊण तासात साठ झाली. चारला पाच कमी असताना शंभर झाली.

आणि मग रांग अडखळली. शाल आणि पडदा, दोन चित्रांचं वजन अगदी एकच. कुठलं आधी, कुठलं नंतर? पुढे तशाच आणखी सहा जोड्या होत्या आणि दुर्दैव असं की सातही जोड्या तिसऱ्या चित्रांच्या. नुसतं कापड.

मी काही म्हणायच्या आत मागच्या खोलीतून बायको आली आणि माझ्या हातातून फोन घेतला.

“समोर कापड दिसतंय ना?” ती म्हणाली. “मधोमध बघू नका, तिथे काही दिसायचं नाही. खाली डाव्या बाजूला उभे धागे बघा. एखादा दुसऱ्यापेक्षा किंचित जाड आहे का?”

“नाही, बाई. सगळं सारखंच आहे.”

“घाई नका करू. डोळे बारीक करा.”

फोनमधून घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, की ती आमच्याच भिंतीवरची होती कोण जाणे.

“हां,” जुळणीकार हळूच म्हणाले. “आहे. एक आहे.”

“ती शाल. दुसरं आहे ते पडद्याचं. आता पुढची जोडी.”

चौथ्या जोडीपर्यंत त्यांना तिनं न सांगताच दिसायला लागलं. पाचव्या जोडीला ते मध्येच थांबले. “बाई, इथे खरंच भोक होतं?”

“बोट जाईल एवढं.”

त्या दगडी आवाजाच्या माणसानं जरा चाचरत विचारलं, “माझ्या कोटाला खिशापाशी एक आहे. वडिलांचा कोट आहे. त्याचं होईल का काही?”

“नववं प्रकरण,” बायको म्हणाली. “आणि नाही जमलं तर कोटच पाठवा. आधी सहावी जोडी.”

चार वाजून बावन्न मिनिटांनी शेवटचं नाव लिहून झालं. एकशे सव्वीस. जुळणीकारांनी सगळी रांग वरून खालपर्यंत मला वाचून दाखवली आणि मी प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण केली. चौतीस वर्षांत माझ्या कुठल्याही वहीला एवढं देखणं पान लाभलं नव्हतं. मेहुण्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “भावोजी, मानलं.” मी त्याला हे लिहून द्यायला सांगणार होतो, पण मोठेपणा दाखवून सोडून दिलं.

पाच वाजले आणि फोन पुन्हा वाजला. प्रकाशकबाई होत्या. मी घसा साफ करून बोलायला लागलो, तर त्या म्हणाल्या, “अभिनंदन. आता जरा लेखिकेला द्या.” मी फोन दिला आणि बाजूला सरकलो.

बायको उभ्यानंच बोलत होती. “हो... हो, चालेल... नाही, मुखपृष्ठावर रफूची पुढची बाजू नको. पुढून काय, काहीच दिसत नाही. उलटी बाजू छापा. दोरा कुठून निघाला, कुठे गेला, किती वेळा परत आला, ते मागूनच कळतं... आहे ना फोटो. आत्ता पाठवतात. पाच मिनिटांत.” आणि तिनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मी चार मिनिटांत पाठवला, कचेरीच्या नव्हे, बाईंच्या स्वतःच्या पत्त्यावर. नाव साधं, शेपटी जागेवर. पलीकडून बाई काहीतरी म्हणाल्या आणि बायकोनं मान हलवली. “पोचला म्हणतात,” ती मला म्हणाली. मग पुन्हा फोनमध्ये, “काय म्हणालात?... नाव? नाव कसं छापायचं?”

आजवर या घराच्या दाराशी कुणीही आलं की ती माझं नाव सांगायची आणि ते घरात आहेत की नाहीत ते सांगायची. तिचं नाव कुणी विचारत नसे. फाटका कपडा घेऊन येणारे तिला रफूवाल्या बाई म्हणत.

तिनं आपलं नाव सांगितलं. नुसतं आपलं, मागेपुढे कुणाला न घेता. मग पुन्हा एकदा सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, पलीकडच्याला नीट लिहून घेता यावं म्हणून. खोलीत इंजिनिअर होते, काकू होत्या, तिचा भाऊ होता. सगळ्यांनी ते ऐकलं. टाळ्या वाजवायला पहिली सुरुवात मी केली.